उठताना बिघडणारी स्क्रीन

सिल्वासाच्या पिपरिया, मसाट, आमळी या भागांत सुताचे आणि प्लास्टिकचे कारखाने दिवसरात्र चालतात. यंत्रं थांबत नाहीत, पण ऑफिसातला संगणक थांबतो. डिस्पॅचचा माणूस चलनं काढून जेवायला जातो, मागे संगणक स्लीपमध्ये जातो. परत येऊन माऊस हलवावा, तर कधी स्क्रीनभर हिरवे-गुलाबी ठिपके, कधी खिडक्यांच्या चिंधड्या, कधी दर दोन-चार सेकंदांनी काळोख, तर कधी नुसतंच ‘नो सिग्नल’. गेटवर ट्रक उभा असतो आणि ई-वे बिल आत अडकलेलं असतं. मग कुणीतरी म्हणतं, डिस्प्ले गेला, नवा मॉनिटर मागवा. वापीहून नवा येतो, जुना कोपऱ्यात पडतो, आणि पुष्कळदा नवाही चार दिवसांत तेच करायला लागतो.

जो मॉनिटर सकाळी नीट लागतो, दिवसभर नीट चालतो आणि फक्त स्लीपमधून उठताना घोळ घालतो, तो बहुतेक वेळा बिघडलेला नसतो. संगणक आणि मॉनिटर यांना दर वेळी उठल्यावर एकमेकांची ओळख नव्याने पटवून घ्यावी लागते, आणि घोळ त्या ओळखीत होतो. ही एक गोष्ट नीट कळली तर काय तपासायचं, कोणत्या क्रमाने तपासायचं आणि पैसे कुठे खर्च करायचे नाहीत, हे त्यातूनच उलगडत जातं.

संगणक झोपतो म्हणजे काय होतं, तिथून सुरुवात करू. 1996 च्या डिसेंबरमध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा या कंपन्यांनी मिळून वीज वाचवण्याची एक नियमावली काढली, एसीपीआय नावाची. टेबलावरचे बहुतेक संगणक आजही तिच्याच पायऱ्यांनी झोपतात. त्यातल्या ज्या पायरीला आपण साधारणपणे स्लीप म्हणतो, तिच्यात रॅम जागी राहील एवढीच वीज चालू असते. प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, डिस्क यांची वीज तोडलेली असते. उघड्या फाइली रॅममध्ये शाबूत राहतात, म्हणून उठल्यावर काम होतं तिथून पुढे सुरू करता येतं.

मॉनिटरला यातलं काही सांगितलं जात नाही. केबलमधून चित्र यायचं थांबलं, एवढंच त्याला कळतं, आणि तो आपल्या हिशेबाने दिवे मालवून झोपी जातो. दोघांची झोपायची तऱ्हा वेगळी, उठायला लागणारा वेळही वेगळा. माऊस हलवणाऱ्याला मात्र दोघंही एकाच क्षणी हजर हवे असतात.

पूर्वी याने काही अडत नसे. 1987 साली आयबीएमने आणलेली व्हीजीए जोडणी, तीच ती निळ्या टोकाची, दोन बाजूंना स्क्रू असलेली, सगळा कारभार एकतर्फी करायची. संगणक चित्र पाठवायचा आणि समोर जो असेल तो ते दाखवायचा. मॉनिटरने आपली माहिती संगणकाला कळवण्याची सोय 1994 मध्ये आली, आणि तीही बरीच वर्षं असली तर बरी, नसली तरी चालेल अशीच होती. जुनी माणसं म्हणतात की आमच्या डबा मॉनिटरला असले रोग नव्हते. त्यांचं म्हणणं खरं आहे. या दुखण्याला लागणारी बोलणीच तेव्हा होत नव्हती.

आता ती होतात. एचडीएमआय केबलचं टोक उजेडात धरून पाहावं. आत दोन ओळींत 19 बारीक सोनेरी पट्ट्या दिसतात. चित्र वाहून नेण्याचं काम त्यातल्या 12 करतात. उरलेल्यांपैकी चार आपल्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. अठराव्या पट्टीवर संगणक पाच व्होल्ट देतो. ते मिळाले की मॉनिटर एकोणिसाव्या पट्टीवरून ‘मी हजर आहे’ अशी खूण करतो. ती खूण दिसली की संगणक पंधराव्या आणि सोळाव्या पट्टीवरून मॉनिटरचं ओळखपत्र वाचतो. त्याचा मूळ मजकूर अवघा 128 बाइटचा असतो: कंपनी कोणती, मॉडेल कोणतं, बनला कधी, किती रुंद-उंच चित्र कोणत्या वेगाने पेलतो. या 128 आकड्यांची बेरीज 256 ने निःशेष भागली गेली पाहिजे असा नियम आहे, आणि तो पाळला जावा म्हणून शेवटचा आकडा मुद्दाम जुळवून घातलेला असतो. वाचताना एक आकडा जरी इकडचा तिकडे झाला तरी बेरीज चुकते आणि ओळखपत्र खोटं ठरतं. मग संगणक कधी आधीचीच माहिती धरून चालतो, कधी 1024 बाय 768 चं जाडंभरडं चित्र पाठवतो, तर कधी काहीच पाठवत नाही. वरवर पाहणाऱ्याला वाटतं स्क्रीन फुगली, अक्षरं मोठी झाली, मॉनिटर म्हातारा झाला.

डिस्प्लेपोर्टमध्ये हा प्रकार आणखी पुढे गेलेला आहे. तिथे ओळख पटली तरी लगेच चित्र जात नाही. आधी दोन्ही बाजू आपसात चाचणी घेतात: या केबलवरून आपल्याला किती वेग झेपेल? प्रत्येक वाटेवर सेकंदाला 8.1 अब्ज बिट जमतात का पाहतात. नाही जमले तर 5.4, मग 2.7, मग 1.62. ही चाचणी मॉनिटर जोडल्यावर होते तशीच उठतानाही होते, अगदी थोड्या वेळात. दिवसभर चांगली चाललेली केबल उठताना का फसते, याचं उत्तर इथे आहे. काठावर पास होणारी केबल एकदा पास झाली की चालत राहते. तिला पुन्हा पुन्हा परीक्षेला बसवलं तर एखाद्या वेळी ती नापास होणारच.

आणि वाहून न्यायचं ओझंही थोडंथोडकं नसतं. 1920 बाय 1080 ची साधी ऑफिसातली स्क्रीन म्हणजे 20,73,600 ठिपके, आणि ते सेकंदाला 60 वेळा नव्याने काढायचे. म्हणजे दर सेकंदाला बारा कोटींहून जास्त ठिपके त्या पट्ट्यांवरून जातात. पट्टीवर मळ बसला तर काही ठिपके वाटेत हरवतात आणि स्क्रीनवर चांदण्या चमकल्यासारखं दिसतं. सिल्वासात हे विशेष लक्षात घ्यायला हवं. दमणगंगेच्या या खोऱ्यात पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो, वर्षाची सरासरी दोन हजार मिलिमीटरच्या वर जाते. त्यात टेक्श्चरायझिंगच्या कारखान्यात पॉलिस्टरच्या धाग्यावर लावलेलं तेल हीटरवरून जाताना वाफ होऊन उडतं आणि हवेत धाग्याचे बारीक तंतू असतात. शॉपफ्लोअरला लागून असलेल्या ऑफिसात हे तेल, तंतू आणि दमट हवा मिळून कुठल्याही उघड्या जोडणीवर चिकट थर देतात. तिथे केबल काढून कोरड्या कापडाने टोक पुसून पुन्हा घट्ट बसवणं हा खरा उपाय आहे. आपल्याकडे रॅम काढून तिच्या पट्ट्या खोडरबराने घासायची पद्धत आहे. तिच्यामागचा विचार हाच, आणि तो चुकीचा नाही.

पण प्रत्येक घोळ केबलचा नसतो. ओळख पटली, वेग ठरला, तरी संगणकाकडे पाठवायला धड चित्र हवं ना! ग्राफिक्स कार्डाची स्वतःची मेमरी असते आणि स्लीपमध्ये तिची वीज जाते. झोपण्यापूर्वी तिच्यातला महत्त्वाचा मजकूर रॅममध्ये हलवायचा आणि उठल्यावर परत जागेवर ठेवायचा, ही जबाबदारी ड्रायव्हरची. त्यात कसर राहिली की खिडक्यांच्या जागी चौकोन, अक्षरांच्या जागी रंगीत कचरा दिसतो. हा कचरा मॉनिटर अगदी इमानेइतबारे दाखवत असतो, कारण त्याच्याकडे आलेलंच ते असतं.

म्हणून पहिला प्रश्न असा: चित्र बिघडलं ते केबलच्या अलीकडे की पलीकडे? याचा निकाल फुकटात लागतो. स्क्रीन बिघडलेली असताना मॉनिटरच्या कडेचं बटण दाबून त्याचा स्वतःचा मेनू उघडावा. ब्राइटनेस-काँट्रास्टचा तो मेनू मॉनिटर स्वतः काढतो, संगणकाचा त्याच्याशी संबंध नसतो. मेनू स्वच्छ आणि मागचं चित्र विस्कटलेलं असेल तर मॉनिटरची काच आणि तिला चालवणारा भाग ठीक आहे. मेनूवरूनही रेघा जात असतील तर दोष मॉनिटरच्या आत आहे. दुसरं, त्याच वेळी स्क्रीनशॉट घ्यावा आणि तो फोनवर पाठवून पाहावा. फोनवरही कचरा दिसला तर तो संगणकातच तयार झालेला आहे, केबल बदलून उपयोग नाही. फोनवर चित्र स्वच्छ आलं तर बहुतेक वेळा बिघाड पुढे, केबलमध्ये किंवा मॉनिटरमध्ये असतो.

माझ्या मते याहूनही बोलकी आणखी एक परीक्षा आहे, आणि ती फारसं कुणी करत नाही. विंडोजच्या सेटिंगमध्ये ‘स्क्रीन बंद करा’ आणि ‘स्लीप’ यांच्या वेळा वेगवेगळ्या देता येतात. स्लीप तात्पुरती रद्द करून फक्त स्क्रीन पाच मिनिटांनी बंद होईल असं करावं. आता मॉनिटर झोपेल पण संगणक जागा राहील, त्यामुळे उठताना ओळख नव्याने पटवावी लागेल, पण ग्राफिक्सची मेमरी गेलेली नसेल. एवढ्यानेही घोळ झाला तर संशय केबल, जोडणी आणि मॉनिटरच्या सेटिंगवर धरावा. घोळ थांबला आणि पूर्ण स्लीपनंतरच होत असेल तर ड्रायव्हरकडे वळावं. एका सेटिंगमध्ये निम्मा तपास होतो.

ड्रायव्हरचा संशय असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबावीत. स्क्रीन क्षणभर काळी होते आणि ग्राफिक्सचा कारभार नव्याने सुरू होतो, उघडं काम न गमावता. चित्र सुधारलं तर संशय पक्का झाला. मग संगणक किंवा कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर घ्यावा. एखाद्या अपडेटनंतरच त्रास सुरू झाला असेल तर आधीच्या ड्रायव्हरवर परत जावं. नवा तो चांगलाच असं इथे काही नाही.

याच ठिकाणी अनेकांची एक फसगत होते. ‘शटडाऊन करून परत चालू केलं, तरी तसंच आहे’ असं माणसं अगदी खात्रीने सांगतात. 2012 मध्ये विंडोज 8 आल्यापासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आहे. ती चालू असली की शटडाऊनमध्ये आपले प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर जसेच्या तसे डिस्कवर लिहून ठेवले जातात आणि पुढच्या वेळी तेच उचलले जातात. बिघडलेली अवस्थाही त्यांच्याबरोबर परत येऊ शकते. खरी नवी सुरुवात हवी असेल तर रीस्टार्ट करावा. त्यात हा आडमार्ग घेतला जात नाही.

केबलच्या बाजूचे उपाय साधे आहेत, पण क्रमाने करावेत. मॉनिटरचं बटण बंद करणं पुरेसं नसतं, आत चिप जागीच राहते. विजेची वायर सॉकेटमधून काढून मिनिटभर थांबावं म्हणजे तीही नव्याने सुरू होते. मेनूत इनपुट ‘ऑटो’वर असेल तर जी केबल लावली आहे तीच निवडून ठेवावी. ऑटोमध्ये उठल्यावर मॉनिटर सगळी तोंडं एकेक करून तपासत बसतो, आणि तो योग्य तोंडाशी येईपर्यंत संगणकाने नाद सोडलेला असतो. ‘डीप स्लीप’ असा पर्याय दिसला तर बंद करावा. दोन मॉनिटर लावणाऱ्यांच्या सगळ्या खिडक्या उठल्यावर एकाच स्क्रीनवर गोळा होतात, त्याचं कारणही पुष्कळदा हेच असतं: गाढ झोपलेल्या मॉनिटरने हजेरीची खूण काढून घेतलेली असते, संगणकाला वाटतं तो निघून गेला.

मधल्या कन्व्हर्टरवर माझा विश्वास सगळ्यात कमी आहे. नव्या संगणकाला व्हीजीए तोंड नाही आणि जुना मॉनिटर टाकवत नाही, म्हणून एचडीएमआयचं व्हीजीए करणारा एक छोटा तुकडा मध्ये लावला जातो. त्याच्या आत चिप असते. अठराव्या पट्टीवरून संगणकाने निदान 55 मिलिअँपिअर द्यावेत एवढंच बंधन आहे आणि त्या तुटपुंज्या विजेवर ही चिप चालते. उठताना ती गोंधळली की ‘नो सिग्नल’. जुना मॉनिटर टाकू नये हा विचार योग्यच आहे, पण वेगळी यूएसबीची वीज घेणारा कन्व्हर्टर लावावा.

आता उरला खऱ्या बिघाडाचा भाग. एक-दोन मिनिटांच्या झोपेनंतर स्क्रीन नीट येते, पण रात्रभराच्या झोपेनंतर ती लुकलुकते आणि दहा-पंधरा मिनिटांत गरम झाल्यावर शांत होते, असं असेल तर मॉनिटरच्या पॉवर बोर्डावरचे कपॅसिटर थकलेले असण्याची शक्यता मोठी. उष्णतेने त्यांच्या आतला द्रव वर्षानुवर्षं आटत जातो आणि थंड असताना त्यांची कमजोरी जास्त जाणवते. मात्र काही संगणक स्लीपमध्ये काही तास गेले की आपोआप हायबरनेटमध्ये जातात, म्हणजे रॅममधलं सगळं डिस्कवर लिहून बंद होतात, तेव्हा रात्रभरानंतरचं उठणं वेगळ्या प्रकारचं असतं. ती सोय आधी बंद करून मगच हा निष्कर्ष काढावा. कपॅसिटर बदलून देणारा कारागीर मिळाला तर नव्या मॉनिटरपेक्षा बराच कमी खर्च येतो. वर फुगलेले कपॅसिटर नुसत्या डोळ्यांनीही ओळखू येतात, पण मॉनिटर घरी उघडू नये, वायर काढल्यावरही त्यात काही काळ धोकादायक वीज साठलेली असते.

आणि एकच उभी रेघ, रोज त्याच जागी, त्याच रंगाची, मेनूवरूनही जाणारी, झोपेशी काही संबंध नसलेली दिसली, तर काचेच्या कडेला चिकटवलेली बारीक जोडणी सुटलेली असते. तिला ड्रायव्हर लागू पडत नाही आणि केबलही नाही. दुकानदाराने पॅनेल बदलण्याचा जो भाव सांगितला असेल, त्याच्याशी नव्या मॉनिटरचा भाव ताडून पाहावा आणि मगच नवा घ्यावा.