न विचारण्याची सवलत

माझा एक भाचा न्यू जर्सीत असतो. काही वर्षांपूर्वी त्याच्या लॅपटॉपची एक वर्षाची हमी संपायला महिना उरला होता. कंपनीकडून वाढीव हमी घ्यायची तर साडेतीनशे डॉलर मोजावे लागत होते. तीच हमी लिलावाच्या एका साइटवर शंभराच्या आत मिळत होती. खोकं नाही, पावती नाही; पैसे भरले की ईमेलने एक क्रमांक यायचा. त्याने तो घेतला, कंपनीच्या साइटवर टाकला आणि दोन मिनिटांत हमीची मुदत दोन वर्षांनी पुढे सरकली. लगेच मला फोन आला, "चालला की मामा! तू उगाच घाबरवत होतास."

पुढच्या दोन वर्षांत तो लॅपटॉप एकदाही बिघडला नाही. त्यामुळे माझी भीती खोटी ठरली, असं त्याचं म्हणणं. मला ते पटत नाही. छत्री घेतली आणि पाऊसच पडला नाही, तर छत्री गळकी होती की नव्हती हे कसं कळणार? क्रमांक स्वीकारला गेला एवढंच त्या दिवशी सिद्ध झालं. आपण नेमकं काय विकत घेतलं हे त्याला कळलं नाही, आणि खरं तर कळून घ्यायचंही नव्हतं. मला बोलायचं आहे ते या 'कळून न घेण्या'बद्दल.

या बाजाराचं सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे ॲपलची वाढीव हमी. अमेरिकेत मॅकबरोबर एक वर्षाची हमी आणि ९० दिवस फोनवरून मदत मिळत असे. 'ॲपलकेअर प्रोटेक्शन प्लॅन' घेतला की दोन्ही तीन वर्षांपर्यंत वाढत. पंधरा इंची मॅकबुक प्रोसाठी या प्लॅनची किंमत बरीच वर्षं ३४९ डॉलर होती, तेरा इंचीसाठी २४९. तो यंत्राबरोबरच घ्यावा अशी सक्ती नव्हती, पहिल्या वर्षात कधीही घेता येई. त्यामुळे माणसं अकराव्या महिन्यापर्यंत थांबत आणि मग स्वस्त कुठे मिळतो ते शोधू लागत. प्लॅन खोक्यात बंद करून दुकानात विकला जाई. खोक्यात थोडी पुस्तकं-पत्रकं आणि एक नोंदणी क्रमांक. खरी किंमत त्या क्रमांकाची. यंत्राच्या अनुक्रमांकाशी तो जोडला जाईपर्यंत हमी कोणाच्याच नावावर नसे. ज्याच्या हाती क्रमांक, त्याची हमी.

हमी म्हणजे एकाने दुसऱ्याला दिलेला शब्द. 'बिघडलं तर माझ्याकडे या' असं म्हणणारा कोण आणि तो कोणाला म्हणतोय, हे दोन्ही माहीत असल्याशिवाय त्या शब्दाला अर्थ नाही. कंपनीने हा शब्द आकड्यात बांधून खोक्यात घातला, तेव्हा तो सुट्या नोटेसारखा हातोहात फिरू लागला. आणि नोटेला आपण कुठून आलो हे आठवत नाही.

मग हे स्वस्त क्रमांक यायचे कुठून? सगळेच काळ्या वाटेने आले, असं म्हणणं अन्यायाचं होईल. एखाद्याने खोकं घेतलं आणि यंत्र विकून टाकलं. एखाद्या दुकानाने धंदा गुंडाळला आणि माल मिळेल त्या भावात काढला. एखाद्याने सवलतीच्या दरात घेऊन चार पैसे ठेवून विकलं. हे सगळं शक्य आहे आणि घडतही असतं. पण असा माल थोडा असतो, आणि त्याचा भाव मूळ किमतीच्या चौथाईवर सहसा येत नाही. एकच विक्रेता महिनोन्‌महिने हवे तेवढे क्रमांक चौथाई भावात देत असेल, तर त्याने ते कितीला घेतले हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

संगणकावरच्या खेळांच्या बाजारात या प्रश्नाचं एक उत्तर कागदोपत्री मिळालं आहे. खेळ सुरू करायला लागणाऱ्या कोडच्या पुनर्विक्रीसाठी 'जी-टू-ए' नावाची मोठी बाजारपेठ आहे. चोरलेल्या क्रेडिट कार्डावर घेतलेले कोड तिथे विकले जातात, असा आरोप खेळ बनवणाऱ्या कंपन्या करत होत्या. २०१९ मध्ये जी-टू-एने आव्हान दिलं: तपासणीत हे सिद्ध झालं तर नुकसानीच्या दहापट रक्कम देऊ. प्रागची 'वूब सॉफ्टवेअर' ही 'फॅक्टोरिओ' खेळाची कंपनी पुढे आली. २०२० मध्ये जी-टू-एने मान्य केलं की त्या खेळाचे १९८ चोरीचे कोड आपल्या बाजारात विकले गेले होते, आणि सुमारे ४० हजार डॉलर भरले. चोरीची रीत सरळ होती. दुसऱ्याच्या कार्डावर कोड घ्यायचा, तो अर्ध्या किमतीत विकून पैसे मोकळे करायचे, आणि कार्डाच्या मालकाने तक्रार केली की बँक ते पैसे मूळ विक्रेत्याकडून परत घेते. चोराला ज्याची किंमतच पडलेली नाही, ते तो कितीही स्वस्तात देऊ शकतो.

हमीच्या क्रमांकात याहून एक खुबी जास्त आहे, आणि ती वेळेची. तांदूळ घेतला तर संध्याकाळी भात खाताना कळतो. खेळाचा कोड घेतला तर पाच मिनिटांत कळतो. वाढीव हमी मात्र मूळ हमी संपल्यावर, तीही यंत्र बिघडलं तरच कळते. दरम्यान ग्राहकाच्या हातातली सगळी हत्यारं बोथट झालेली असतात. लिलावाच्या साइटवर विक्रेत्याबद्दल अभिप्राय द्यायचा तो व्यवहारानंतर दोन-तीन महिन्यांत. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे क्रेडिट कार्डाच्या बिलावर हरकत घ्यायची मुदत ६० दिवसांची. पेपॅलकडे तक्रार करायला पूर्वी ४५ दिवस मिळत, २०१४ च्या अखेरीस ते १८० झाले. हमीची गरज बहुधा पडते ती तक्रारीची ही सगळी दारं बंद झाल्यावर. त्यामुळे विक्रेत्याच्या नावापुढे दिसणारे शेकडो खूश अभिप्राय खोटे नसतात, पण त्यातला प्रत्येक जण माझ्या भाच्यासारखा 'चालला की!' एवढंच सांगत असतो. उद्या कंपनीला तो क्रमांक फसवणुकीने मिळवलेला दिसला आणि तिने तो रद्द केला, तर ते सांगायला हा अभिप्राय देणारा परत येणार नाही. कराराची मूळ पावती विक्रेत्याकडेच राहिली असेल तर आणखी एक धोका. उरलेल्या मुदतीचे पैसे परत घेऊन करार मोडण्याची सोय ग्राहकाच्या भल्यासाठी ठेवलेली असते. ती इथे कोणाच्या कामी येईल, याचा विचार करावा.

जॉर्ज अकेरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाचा १९७० चा एक निबंध प्रसिद्ध आहे. तीन नियतकालिकांनी परत पाठवलेला हा निबंध पुढे त्यांच्या २००१ च्या नोबेल पारितोषिकाचा पाया ठरला. विषय जुन्या मोटारींचा. मालाचा दर्जा विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला नाही, अशी स्थिती असेल तर वाईट माल चांगल्या मालाला बाजारातून हाकलून लावतो, हे त्यांनी दाखवलं. अकेरलॉफ १९६७-६८ मध्ये दिल्लीत होते, आणि अप्रामाणिकपणाची किंमत समजावताना त्यांनी भारतातल्या बाईचं उदाहरण दिलं आहे. बाजारातून आणलेल्या तांदळातून ती मुद्दाम मिसळलेले, दाण्यासारखेच दिसणारे खडे वेचत बसते. आपल्या आया-आज्यांनी सूप पुढ्यात घेऊन जे केलं, ते जगाच्या अर्थशास्त्रात असं जाऊन बसलं आहे.

या दुखण्यावरचा पहिला उतारा म्हणून अकेरलॉफनी जो सांगितला तो म्हणजे हमी. विकणारा हमी देतो तेव्हा धोका घेणाऱ्याकडून त्याच्याकडे सरकतो आणि बाजार पुन्हा चालू लागतो. स्वस्त क्रमांकांच्या बाजाराची गंमत इथे आहे. ज्या औषधाने खडे वेचण्याचे कष्ट वाचायचे, त्या औषधाच्याच पुड्यांत खडे मिसळले गेले. आणि हे खडे वेचायला सूप नाही, कारण खरा क्रमांक आणि चोरीचा क्रमांक यांत एका अंकाचाही फरक दिसत नाही.

इथे भाच्याची बाजू मांडायला हवी, कारण ती पोकळ नाही. तो म्हणतो, कंपन्या तरी कुठल्या धुतल्या तांदळाच्या? वाढीव हमीत दुकानांना आणि कंपन्यांना भरपूर फायदा असतो, हे उघड गुपित आहे. ब्रिटनच्या स्पर्धा आयोगाने २००३ मध्ये घरगुती विजेच्या वस्तूंवरच्या वाढीव हमीची चौकशी केली. स्पर्धा नीट होत नाही आणि ग्राहक जास्त पैसे मोजतो, असा निष्कर्ष निघाला. २००५ पासून तिथे वस्तूच्या किमतीशेजारी हमीची किंमत दाखवणं दुकानांना बंधनकारक झालं. वस्तू घेऊन झाल्यावर गल्ल्यावर उभ्या असलेल्या माणसाला 'आणि हमी?' असं विचारून गाठायचं, ही युक्ती आयोगाला दिसली होती.

हे सगळं मान्य. पण त्यातून निघतं ते एवढंच, की महागडी हमी घेऊ नये. हमी म्हणजे पाणी किंवा औषध नव्हे, तिच्यावाचून माणूस अडत नाही. साडेतीनशे डॉलर वाजवी वाटत नसतील तर ते बाजूला ठेवावेत आणि यंत्र बिघडलं तर त्यातून दुरुस्त करावं. कंपनी जास्त घेते म्हणून तिसऱ्याच्या कार्डावर घेतलेला क्रमांक मी वापरणं न्याय्य ठरत नाही. कंपनीच्या नफ्यावरचा राग खरा असतो, पण इथे त्याचा भुर्दंड ज्याचं कार्ड चोरलं गेलं त्याला आणि ज्या दुकानाचे पैसे बँकेने परत घेतले त्याला बसतो.

आता मूळ मुद्दा. चौथाई भावात मिळणाऱ्या क्रमांकाची किंमत इतकी कमी का असते? चांगल्या-वाईट मालाची सरासरी म्हणून, असं अर्थशास्त्र सांगेल. मला वाटतं, त्यात आणखी एक सौदा दडलेला असतो. पावती मागायची नाही, मूळ कुठलं ते विचारायचं नाही, त्याच्या बदल्यात उरलेली रक्कम माफ. ही न विचारण्याची सवलत आहे. पावती देणारा प्रामाणिक विक्रेता एवढ्या भावात देऊच शकत नाही. आणि ती सवलत आपण घेतली, की 'मला काय माहीत' हे वाक्य पैसे वाचवून विकत घेतलेलं असतं.

कायदा या वाक्याकडे भोळेपणाने पाहत नाही. मालमत्ता हस्तांतरणाच्या १८८२ च्या आपल्या कायद्यात तिसऱ्या कलमात 'सूचना' या शब्दाची व्याख्या आहे. एखादी गोष्ट प्रत्यक्ष ठाऊक असणं हे तर जाणणं आहेच. पण जी चौकशी करायला हवी होती ती मुद्दाम टाळल्यामुळे ठाऊक झाली नसेल, तरी ती ठाऊक होती असंच धरलं जातं. कलम जमिनीच्या व्यवहारांसाठी लिहिलेलं असलं, तरी माणसाचा स्वभाव त्यात पक्का पकडला आहे. डोळ्यांवर कातडं ओढून घेणारा आंधळा नसतो. फौजदारी कायद्यातल्या, चोरीचा माल घेणाऱ्याबद्दलच्या कलमातही 'माहीत असून' याच्या शेजारी 'तसं मानायला कारण असून' हे शब्द आहेत. चौथाई भाव हे मानायला पुरेसं कारण आहे की नाही, हे ज्याने त्याने ठरवावं.

हे कातडं एकट्या ग्राहकाने ओढलेलं नसतं, हेही खरं. टिफनी या दागिन्यांच्या कंपनीने ईबे या लिलावाच्या साइटवर खटला भरला होता. अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने २०१० मध्ये ईबेच्या बाजूने निकाल दिला: साइटवर कुठेतरी नकली माल विकला जातो एवढं सर्वसाधारण ज्ञान पुरेसं नाही, नेमका कोणता माल नकली ते माहीत असायला हवं. त्याच निकालात न्यायालयाने बजावलं की जाणूनबुजून आंधळेपणाचं सोंगही चालणार नाही. पण ज्या क्रमांकात खऱ्या-खोट्याची खूणच नाही, त्याबाबत नेमकं ज्ञान साइटला कधी होणार? आणि कंपनी? खोक्यातला क्रमांक मोकाट सोडणं सोपं होतं, विक्री वाढत होती. पुढे ॲपलने आयफोनसाठी २०११ मध्ये आणि मॅकसाठी २०१७ मध्ये 'ॲपलकेअर प्लस' आणलं, आणि हमी अधिकाधिक घट्टपणे यंत्राच्या अनुक्रमांकाशी बांधली गेली. सुटा आकडा पुन्हा नावाचा शब्द होऊ लागला. भोक बुजवता येत होतं, हे त्यावरून दिसतं. तोपर्यंत विक्रेता, साइट, कंपनी आणि ग्राहक, चौघांची अळीमिळी गुपचिळी चालली होती.

आणि हे सगळं फक्त अमेरिकेत होतं असं समजून हात झटकू नयेत. आपल्याकडे दुकानदार हळू आवाजात विचारतो, "पक्कं बिल हवं का?" बिल नको म्हटलं की जीएसटीइतकी रक्कम वाचते, आणि हमीपत्रावर शिक्का मारताना तारखेची जागा कोरी राहते. तीही न विचारण्याचीच सवलत.

परवा भाच्याचा पुन्हा फोन आला. नवा लॅपटॉप घेतल्यावर जुना विकायला काढला तेव्हाची एक गोष्ट त्याने पहिल्यांदाच सांगितली. तेव्हा हमीचे चार महिने उरले होते, म्हणून त्याने जाहिरातीत 'हमी शिल्लक' असं लिहिलं होतं. एका मुलीने चौकशी केली, भाव पटला, आणि मग तिने साधा प्रश्न विचारला: हमी माझ्या नावावर करून घ्यायची तर तिची पावती लागेल, पाठवाल का?

"मग काय सांगितलंस?" मी विचारलं.

"काय सांगणार? जाहिरातीतून ते दोन शब्द काढून टाकले, मामा."