रोजचे काम हीच आपली उपासना



रविवारच्या मिस्सामध्ये अर्पणविधीच्या वेळी आपण वेदीवर काय आणतो? गहू नव्हे, भाकर. द्राक्षे नव्हेत, द्राक्षारस. गव्हाची भाकर होण्यासाठी कोणीतरी पेरलेले, कापलेले, दळलेले, मळलेले आणि भाजलेले असते. माणसाचे श्रम अशा रीतीने वेदीपर्यंत पोहोचतात आणि त्यातूनच प्रभू स्वतःला आपल्याला देतो. मग रविवार देवाचा आणि सोमवार आपला, असे आपण का मानतो?

‘पहाटे उठून डबे करायचे, धावत लोकल गाठायची, रात्री थकून परतायचे. प्रार्थनेला वेळ कुठे?’ ही तक्रार खोटी नाही. अशांसाठी सतराव्या शतकातील एका साध्या स्वयंपाक्याची ओळख करून घेऊ या.

फ्रान्समधील निकोलस हर्मन हा गरीब घरातला तरुण सैन्यात गेला. युद्धात त्याच्या पायाला जखम झाली. पुढे १६४० साली तो पॅरिसच्या कार्मेलाइट मठात दाखल झाला आणि ब्रदर लॉरेन्स म्हणून ओळखला जाऊ लागला. तो धर्मगुरू झाला नाही. त्याच्या वाट्याला मठाचे स्वयंपाकघर आले आणि नेमकी त्याच कामाची त्याला मुळात नावड होती! तरीही सुमारे पंधरा वर्षे त्याने ते केले. लंगडत चालणाऱ्या या ब्रदरला मठासाठी द्राक्षारस खरेदी करायला दूर पाठवीत. बोटीत त्याला पिंपांवरून अंग लोटत सरकावे लागे. हे काम तुझेच आहे, असे तो देवाला सांगे आणि निश्चिंत होई.

भांड्यांच्या खडखडाटात, चारी बाजूंनी हाका येत असतानाही, पवित्र साक्रामेंतासमोर गुडघे टेकल्यावर मिळणारी शांती त्याला लाभत असे. काम बदलले नव्हते. काम कोणासाठी करायचे हे त्याने ठरवले होते. १६९१ साली तो देवाघरी गेला, तरी आजही जगभर लोक त्याच्याकडून प्रार्थना शिकतात.

संत पौल कलस्सैकरांना हेच शिकवतो : जे काही कराल ते माणसांसाठी नव्हे, तर प्रभूसाठी म्हणून मनापासून करा (पाहा कलस्सै ३:२३). हे त्याने त्या काळच्या दासांना सांगितले, ज्यांना कामाची निवड नव्हती. म्हणजे हा आनंद आवडत्या कामापुरता नाही. आपला प्रभूही नासरेथात सुतार म्हणूनच ओळखला जाई (मार्क ६:३). संत योसेफाचा एकही शब्द शुभवर्तमानात नाही. त्याचे श्रमच बोलतात. म्हणूनच पोप पायस बारावे यांनी १९५५ साली १ मे हा दिवस श्रमिक संत योसेफाचा सण म्हणून दिला.

मात्र एक गोष्ट विसरू नका. काम ही उपासना आहे, म्हणून कोणाला राबवून घेण्याची मुभा मिळत नाही. अडवून ठेवलेली मजुरी देवाकडे ओरड करते, असे संत याकोब बजावतो (याकोब ५:४). आपल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईचा, वाडीत राबणाऱ्या मजुराचा पगार वेळेवर देणे, त्यांना आजारपणात सुट्टी देणे, हाही आपल्या उपासनेचाच भाग आहे. आणि घरातील आईचे काम संपतच नसेल, तर उठून तिला हात लावा. देवाला ते अर्पणही आवडेल.

या आठवड्यात एवढेच करू या. आपल्याला सर्वांत कंटाळवाणे वाटणारे एक काम निवडू या. ते सुरू करताना क्रुसाची खूण करून म्हणू या, ‘प्रभू, हे तुझ्यासाठी.’ मध्येच मन भरकटले, तर पुन्हा तेच म्हणू या. जे आजारी आहेत, ज्यांना काम मिळालेले नाही, त्यांनी आपला दिवस आणि आपली वाट पाहणे प्रभूच्या हाती द्यावे. वेदीवर त्यालाही जागा आहे. पुढच्या रविवारी भाकर आणि द्राक्षारस वेदीवर जाईल, तेव्हा त्यासोबत आपला आठवडाही ठेवू या.

हे प्रभू येशू, तुझे हातही कामाने राठ झाले होते. आमच्या हातांना आशीर्वाद दे, आमच्या श्रमांना तुझा आनंद दे. आमेन.