रेडिओ कोणाच्या घरी ठेवायचा?

ट्रान्झिस्टरचे सेल उतरले की आमच्याकडे ते पत्र्यावर, कुरडयांच्या शेजारी उन्हात ठेवायचे. संध्याकाळच्या बातम्यांपुरता आवाज परत यायचा. उष्णतेनं सेलमधली रासायनिक क्रिया तेवढ्यापुरती वेग घेते, हे पुढे कळलं. तेव्हा मात्र सूर्य सेल भरून देतो, अशीच घरादाराची समजूत होती. समजूत चुकीची होती, पण मागणी रास्त होती. सूर्य फुकट आणि सेल महाग, हा हिशेब आजीलाही समजत होता.

तो हिशेब एकदा मांडूनच पाहावा. टॉर्चच्या एका मोठ्या साध्या सेलमध्ये साधारण दहा वॉट-तास वीज असते. म्हणजे शहरातल्या मीटरवर जे एक युनिट पडतं, तेवढ्यासाठी खेड्यातल्या माणसाला शंभरेक सेल विकत घ्यावे लागतील. रॉकेलचंही तसंच. चिमणीत जळणाऱ्या रॉकेलपैकी सात ते नऊ टक्के भाग नुसती काजळी होऊन बाहेर पडतो, असं संशोधकांनी मोजलं आहे. ती काजळी आधी भिंतीवर बसते, मग छातीत. सगळ्यांत गरीब माणूस सगळ्यांत महाग ऊर्जा विकत घेतो, आणि बदल्यात त्याला सगळ्यांत मिणमिणता उजेड मिळतो.

१९९१ मध्ये ट्रेव्हर बेलिस नावाचा एक हरहुन्नरी इंग्रज टीव्ही पाहत होता. कार्यक्रम आफ्रिकेतल्या एड्सवरचा होता. रोगाची माहिती पोचवायला रेडिओसारखं साधन नाही, पण लोकांना सेल परवडत नाहीत, असा त्यातला मुद्दा होता. बेलिसनं घड्याळासारखी चावी देऊन चालणारा रेडिओ तयार केला. केप टाउनच्या कारखान्यात त्याचं उत्पादन सुरू झालं, आणि त्या कारखान्यात अपंग कामगारांनाही मुद्दाम काम मिळालं. पुढे चावीच्या जोडीला सौर पट्टी आली. २००३ च्या सुमारास 'लाइफलाइन' नावाचा रेडिओ निघाला. तो बेतताना डोळ्यांसमोर होती आईबापांविना घर चालवणारी रवांडातली मुलं. झांबियात अशाच रेडिओंवर शाळेबाहेरच्या मुलांचे वर्ग भरू लागले. शिक्षक रेडिओतला, आणि मुलांना सांभाळून घेणारं माणूस गावातलं.

इथवर ही गोष्ट सरळ आहे आणि गोडही. पण रवांडाचं नाव आलं की गोष्ट सरळ राहत नाही.

त्याच देशात १९९४ मध्ये रेडिओनंच आग लावली होती. 'मिल कोलिन' नावाच्या केंद्रावरून तिथल्या तुत्सी जमातीच्या लोकांना झुरळं म्हटलं जाई. कोणाला शोधायचं, हेसुद्धा सांगितलं जाई. शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसं मारली गेली. तेव्हा सेल महाग होते, तरी एवढं घडलं. सौर पट्टी असती, तर तो आवाज आणखी स्वस्त झाला असता. उन्हावर चालणाऱ्या यंत्राला आपल्या तोंडून काय बोललं जातंय, याचं सोयरसुतक नसतं.

मग त्याच देशात उलट प्रयोग झाला. २००४ पासून 'मुसेकेवेया' म्हणजे 'नवी पहाट' ही सलोख्याची श्राव्यमालिका सुरू झाली. एलिझाबेथ लेव्ही पलक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी तिचा परिणाम तपासला. काही गावांना वर्षभर ही मालिका ऐकवली, काहींना आरोग्यावरची दुसरी. लोकांची मनातली मतं फारशी बदलली नाहीत. चारचौघांत कसं वागावं, याची कल्पना मात्र बदलली. वर्षाच्या शेवटी प्रत्येक गटाला एक कॅसेट-रेडिओ आणि मालिकेच्या कॅसेट भेट दिल्या आणि विचारलं, हे कोणाकडे राहणार? आरोग्याची मालिका ऐकणाऱ्यांचा कल ते यंत्र गावच्या अधिकाऱ्याकडे सोपवण्याकडे होता. सलोख्याची मालिका ऐकलेल्या गटांत मात्र वाद रंगला. अधिकाऱ्याकडेच का? आपण मिळून सांभाळू की.

हा वाद मला त्या सगळ्या अभ्यासातला सर्वांत मोठा निष्कर्ष वाटतो. रेडिओ गावात येणं ही एक घटना, आणि तो कोणाच्या घरी ठेवायचा यावर गावानं भांडणं ही दुसरी. दान पहिल्या घटनेपाशी संपतं. गावाची खरी गोष्ट दुसरीपासून सुरू होते.

हे कळायला आफ्रिकेत जाण्याची गरज नव्हती. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्रानं युनेस्कोच्या मदतीनं पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतामंडळं बांधली. आठवड्यातून दोनदा कार्यक्रम लागे. मंडळी जमून तो ऐकत, त्यावर बोलत आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवत. टाटा समाजविज्ञान संस्थेनं या प्रयोगाचं मूल्यमापन केलं. मंडळांच्या गावांत शेतीची माहिती लक्षणीय वाढली होती. नुसता रेडिओ होता पण मंडळ नव्हतं, अशा गावांत तुलनेनं फारच थोडा फरक पडला. यंत्र तेच, लहरी त्याच. फरक घोंगडीवर शेजारी बसून वाद घालणाऱ्या माणसांचा होता.

दिव्याचंही निराळं नाही. उत्तर प्रदेशातल्या बाराबंकी जिल्ह्यात ८१ वस्त्यांमधल्या १,२८१ कुटुंबांचा अभ्यास झाला. २०१७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. सौर वीज मिळाल्यावर काळ्या बाजारातल्या रॉकेलवरचा खर्च घटला. पण बचत, नवे धंदे, मुलांचे अभ्यासाचे तास यांत वाढ झाल्याचा पुरावा सापडला नाही. सौर दिव्याच्या प्रत्येक जाहिरातीत पुस्तक उघडून बसलेली मुलगी असते, तिला हा निष्कर्ष गैरसोयीचा आहे. माझ्या मते त्यानं दिवा खोटा ठरत नाही. काजळी गेली, भाजण्याची भीती गेली, एवढं पुरेसं आहे. दारिद्र्य हटवण्याचं ओझं त्या चिमुकल्या दिव्यावर आपण लादलं होतं.

पण दिवा बंद पडतो, तेव्हा काय होतं? बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते, बटण निकामी होतं, तार तुटते. वाटप करणारी गाडी तोवर पुढच्या जिल्ह्यात गेलेली असते आणि दिवा माळ्यावर जातो. म्हणून आयआयटी मुंबईनं विद्यार्थ्यांसाठी सौर दिव्यांची योजना आखली, तेव्हा ते जोडण्याचं आणि दुरुस्त करण्याचं काम गावातल्याच माणसांना शिकवलं. राजस्थानातल्या तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजात तर आफ्रिकेतल्या खेड्यांमधून आलेल्या आज्या सहा महिने राहिल्या. अक्षरओळख नसली तरी रंगांच्या आणि खुणांच्या आधारे सर्किट जोडायला शिकल्या आणि परत जाऊन त्यांनी गाव उजळलं. दिवा ज्याला उघडता येतो, त्याचा तो खरा.

रेडिओच्या बाबतीत उघडणं म्हणजे उलट बोलणं. तेलंगणातल्या माचनूरला २००८ पासून 'संघम रेडिओ' चालतो, दलित बायका तो चालवतात. आपल्या म्हसवडलाही 'माणदेशी तरंग' आहे. तिथं ऐकणारी बाई उद्या माइकपुढे बसू शकते. दिव्याचा स्क्रू आणि रेडिओचा माइक, दोन्ही गावाच्या हाती आले की सौर पट्टी कुठल्या देशातून आली, याला फारसं महत्त्व उरत नाही.

सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत अजून साठ कोटींच्या आसपास माणसं विजेविना राहतात. त्यांच्याकडे दिवे पाठवायलाच हवेत, रेडिओही. तत्त्वचर्चा संपेपर्यंत त्यांनी अंधारात थांबावं, असं कोणी म्हणू नये. फक्त खोक्यावर पत्ता लिहिताना एक विचारावं: हे कोणाच्या नावानं जातंय?

आमच्या गावातही पंचायतीचा एक रेडिओ होता. चांगला मोठा, लाकडी पेटीचा. तो एका कपाटात असे आणि कपाटाची किल्ली एकाच घरात. त्याचे सेल पत्र्यावर ठेवायची वेळ कधी आलीच नाही.