घासूनपुसून

निवृत्त माणसाच्या हाताला काहीतरी चाळा लागतोच. कुणी होमिओपथी शिकतं, कुणी गीतेच्या वर्गाला जातं, कुणी सोसायटीचा सेक्रेटरी होतं आणि बाकीच्यांवर गीतेच्या वर्गाला जायची पाळी आणतं. मी मोटारीला मशीनने पॉलिश करायला शिकलो. ही बातमी ऐकून आमच्या सौभाग्यवतींनी एवढंच विचारलं, "देवाची उपकरणी कितव्या धड्यात येतात?"

पॉलिश या शब्दाला आपल्याकडे मुळातच बरं नाव नाही. तांदूळ पॉलिशचा निघाला की त्यातला कस गेला म्हणतात, डाळ पॉलिशची दिसली की वाण्याचा संशय येतो, आणि माणूस पॉलिशचा भेटला की आपण हळूच पाकीट चाचपतो. पॉलिश म्हणजे वरून काहीतरी फासणं, अशी सार्वत्रिक समजूत आहे. वास्तविक ते फासणं नव्हे, काढणं आहे.

हे मला उस्तादाने पहिल्याच दिवशी सांगितलं. उस्ताद म्हणजे आमच्या मागच्या गल्लीतल्या गॅरेजातला डेंटिंग-पेंटिंगवाला. वयाने माझ्या धाकट्या पुतण्याएवढा, ज्ञानाने माझा आजोबा.

"काका," तो म्हणाला, "चरा म्हणजे खड्डा. खड्डा कधी पुसून जातो का? मग करायचं काय? आजूबाजूची जमीन खड्ड्याच्या तळापर्यंत खाली आणायची. सगळं सपाट झालं, खड्डा गेला!"

मी थोडा वेळ गप्पच बसलो. म्हणजे चरा निघतच नाही. निघतं ते चऱ्याशेजारचं चांगलं. समतेवरची जाडजूड पुस्तकं वाचून जे डोक्यात शिरलं नव्हतं, ते गॅरेजातल्या स्टुलावर बसून अर्ध्या मिनिटात शिरलं.

आता थोडं शास्त्र. हल्लीच्या मोटारीला पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर क्लिअर कोट नावाचा बिनरंगी थर असतो. सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन. आपल्या डोक्यावरचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास (ज्यांच्याकडे असेल त्यांनी मोजून पाहावा). म्हणजे काही लाख रुपयांच्या गाडीची सगळी अब्रू दोन केसांच्या जाडीत! त्यातला क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनचा, आणि उन्हापासून खालच्या रंगाला वाचवणारा तोच. कंपाऊंड लावून चांगलं रगडलं की त्यातले दोन-चार मायक्रॉन जातात आणि ते पुन्हा येत नाहीत. फियाट-अँबेसडरच्या जमान्यात गाडी घासली की गाडीचाच रंग फडक्यावर उतरायचा. काय गमावतोय ते डोळ्यांना दिसायचं. क्लिअर कोटला रंगच नाही, त्यामुळे आता गमावलेलं दिसत नाही. यालाच प्रगती म्हणतात.

मशीनं दोन जातींची असतात. रोटरी नुसतं आपल्याच भोवती गरागरा फिरतं. ते काम झपाट्याने करतं, पण एका जागी रेंगाळलं की रंग तापवतं आणि बघता बघता जाळतं. दुसरं ड्युअल अ‍ॅक्शन. ते फिरतंही आणि डुलतंही, आणि फाजील दाबलं की फिरणंच थांबवून नुसतं थरथरत राहतं. उस्तादाने भंगारातलं एक बॉनेट आणलं, त्याच्या कडेवर रोटरी मुद्दाम टेकवून धरलं आणि काही क्षणांत खालचा प्रायमर उघडा करून दाखवला. "कडेला रंग पातळ असतो. म्हणून आधी कडांना टेप मारायची," तो म्हणाला. मग शिकाऊ उमेदवार म्हणून ड्युअल अ‍ॅक्शन माझ्या हातात दिलं. त्याच्या तबकडीवर मार्करने एक रेघ ओढलेली. रेघ फिरताना दिसली पाहिजे. दिसली नाही तर आपण दाबतोय.

"काका, दाबू नका. ते त्याचं फिरतंय. तुम्ही नुसतं धरा."

तीस वर्षं हेडक्लार्क म्हणून काढलेल्या माणसाला हे वाक्य पेन्शनीत ऐकायला मिळावं! माझ्या हाताखालच्या मंडळींवर कुणी अशी रेघ ओढून ठेवली असती, तर कचेरीचं काम निम्म्या वेळात झालं असतं. बाकी नियम साधेच. गाडी आधी स्वच्छ धुवायची. काम सावलीत करायचं. एका वेळी दोन फूट बाय दोन फुटांचाच तुकडा घ्यायचा. आधी सगळ्यात मऊ पॅड आणि सगळ्यात सौम्य पॉलिश एका कोपऱ्यात लावून बघायचं आणि तेवढ्यावर भागत नसेल तरच पुढची पायरी चढायची. मुलं वाढवताना हा शेवटचा नियम आपण बरोबर उलट्या क्रमाने पाळतो.

आणखी एक गंमत. उन्हात गाडी उभी केली की सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याचं जाळं दिसतं. पाहणाऱ्याला वाटतं, रोज सकाळी बादली घेऊन येणारा पोऱ्या गोल गोल फडका मारतो, त्याच्या या खुणा. फडक्यातल्या धुळीने चरे पडतात हे खरं, पण ते गोल नसतात. ते वेडेवाकडे, सगळ्या दिशांना पडलेले असतात. प्रकाशाच्या रेषेला आडवे असतील तेवढेच चमकतात, म्हणून दिव्याभोवती वर्तुळं भासतात. दिवा हलवा, वर्तुळंही हलतात. लग्नसमारंभात ज्या नातेवाइकाजवळ आपण जाऊन बसतो, त्याच्याभोवतीच घरातले सगळे दोष गोळा झालेले दिसतात, तसंच हे.

आणि शेवटची परीक्षा नखाची. चऱ्यावरून आडवं नख फिरवायचं. नख अडकलं तर तो चरा पॉलिशच्या हद्दीबाहेरचा. तो काढायला जाल तर गाडीचं कवचच घालवून बसाल. "तो ठेवायचा," उस्ताद म्हणाला, "त्याच्या कडा जरा मऊ करायच्या. लांबून दिसत नाही."

इथवर सगळं ठीक होतं. ज्ञान झालं की त्याचा उपयोग करून घेणारे भेटतात आणि तिथून नीतिशास्त्र सुरू होतं. आमच्या समोरच्या ब्लॉकात एक निवृत्त वकीलसाहेब राहतात. त्यांना आपली निळी गाडी विकायची होती. गिऱ्हाईक ठरलेलं होतं. नुकताच नोकरीला लागलेला एक मुलगा, आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यायची म्हणून गाडी घेत होता. वकीलसाहेब म्हणाले, "तुमचा हात फिरू द्या एकदा. आणि हो, त्या मागच्या डाव्या दाराबद्दल काही बोलू नका."

त्या दाराला एका टेम्पोने धडक दिली होती. आत पुट्टी, वर नवा रंग. उस्तादाचं जाडी मोजायचं यंत्र बाकी गाडीवर १२० दाखवायचं, त्या दारावर ४०० च्या पुढे.

"म्हणजे खोटं बोलायचं?"

"छे छे! बोलायचंच नाही. भारतीय करार कायदा, १८७२, कलम १७. नुसतं गप्प राहणं ही फसवणूक नव्हे. कायद्यात उदाहरणच दिलंय. एकाने लिलावात घोडा विकला, घोडा सदोष आहे हे त्याला ठाऊक होतं, तो काही बोलला नाही. फसवणूक नाही!"

आता माझ्यापुढे दोन मार्ग होते. ग्लेझ नावाचं एक द्रव्य मिळतं. ते चऱ्यांत भरून बसतं आणि गाडी आरशासारखी दिसते. पाच-सात वेळा धुतली की सगळे चरे आपापल्या जागी हजर! हे सरळ सरळ सोंग. दुसरा मार्ग खऱ्या पॉलिशचा. पण त्यात त्या मुलाच्या वाट्याचे मायक्रॉन मी आजच खर्च करणार, चमकेचे पैसे वकीलसाहेब घेणार, आणि पाच वर्षांनी पातळ झालेल्या क्लिअर कोटचे पोपडे मुलगा बघणार. म्हणजे खोट्या चमकेने मालाला धक्का लागत नाही, आणि खरी चमक माल खाते! मग प्रामाणिक कुठली?

जॉर्ज अकर्लोफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. गाडीतलं खरं विकणाऱ्याला ठाऊक असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा सगळ्यांनाच संशयाने कमी भाव देतो आणि चांगल्या गाड्या बाजारातून अंग काढून घेतात. त्याला २००१ साली अर्थशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. थोडक्यात, वकीलसाहेबांच्या गप्प बसण्याची किंमत एकटा तो मुलगा देत नव्हता. ती पुढेमागे जुनी गाडी विकणारा प्रत्येक सरळ माणूस देणार होता.

मी वकीलसाहेबांना म्हटलं, "हलका हात फिरवतो. नखाला लागतात ते चरे ठेवतो. ग्लेझ लावणार नाही. आणि मुलाने मला विचारलं तर दार सांगणार."

"तुम्ही पॉलिश करताय का पंचनामा?" वकीलसाहेब म्हणाले आणि दोन दिवस जिन्यात भेटले तरी बोलले नाहीत. चौतीस वर्षांचा शेजार. गणपतीचे मोदक इकडून तिकडे जाणारे. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "गाडी त्यांची, दार त्यांचं. तुम्हाला काय करायचंय?" त्या वेळी मला कायद्याची नव्हे, आधाराची गरज होती, म्हणून मी कायदा काढून वाचला. घोड्याच्या उदाहरणाखालीच आणखी दोन उदाहरणं आहेत. विकत घेणारी नुकतीच सज्ञान झालेली पोटची मुलगी असेल, तर बापाने दोष सांगितलाच पाहिजे. आणि घेणारा म्हणाला, "तुम्ही नाही म्हटलं नाहीत, तर घोडा निर्दोष आहे असं मी धरीन", तर मग गप्प राहणं म्हणजे बोलणंच!

रविवारी मुलगा आला. गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर हात फिरवला आणि अदबीने म्हणाला, "काका, मला गाडीतलं काही कळत नाही. तुम्ही काही बोलला नाहीत म्हणजे गाडीला कुठे काही लागलेलं नाही, असं मी धरतो."

त्या पोराने करार कायदा उघडूनही पाहिला नसणार. पण वकीलसाहेबांनी चाळीस वर्षं वकिली केली होती. त्यांचा हात खिशातल्या रुमालाकडे गेला. त्यांनी कपाळ पुसलं, घसा खाकरला आणि म्हणाले, "तसं... ते मागचं डावं दार. टेम्पो लागला होता."

भाव थोडा उतरला, व्यवहार झाला. जाताना मुलगा त्यांच्या पाया पडला. संध्याकाळी वकीलसाहेब स्वतः होऊन आमच्याकडे चहाला आले आणि बऱ्याच वेळाने म्हणाले, "आई उजव्या बाजूनं बसते म्हणाला. दाराचा त्रास नाही व्हायचा."

ते कलमाच्या धाकाने बोलले की मनातून, याचा मी बराच विचार केला. पॉलिश झाल्यावर उस्ताद फडक्यावर स्पिरिट घेऊन पत्रा पुसतो. तेलकट चमक असेल ती निघून जाते आणि राहते ती खरी. माणसाच्या बाबतीत हे स्पिरिट कुठे मिळतं, ठाऊक नाही. पण उजव्या बाजूची चौकशी कुठल्याच कलमात सांगितलेली नाही, एवढं मी वाचून खात्री करून घेतलं आहे.