पेरावयाचें बीं

शास्त्रपाठ : स्तोत्रसंहिता १२६ : ५, ६, उत्पत्ति ४७ : १९-२४.



ह्या स्तोत्रांत बीं घेऊन शेताकडे जाणारा एक मनुष्य आपणांस दिसतो, आणि तो रडत चालला आहे. पेरणीचे दिवस तर आनंदाचे. मग हा कां रडतो? आटपाडीच्या माणदेशांत राहणाऱ्यांस हें भाष्यकाराला विचारावें लागत नाहीं. त्याच्या घरची कणगी रिकामी असावी, लेंकरें उपाशी असावीं, आणि खांद्यावरच्या झोळींत आहे तेंच शेवटचें धान्य. तें शिजवावें तर आज पोट भरेल. पेरावें तर आज डोळ्यांस पाणी येईल. तो पेरतो.

आमच्या इकडे पाऊस थोडा, आणि तोही बहुधा परतीचा. १९७२ सालच्या दुष्काळांत खडी फोडणाऱ्यांस सुकडी मिळाली, परदेशची तांबडी मिलो मिळाली. पोटाला धान्य परमुलखांतून येऊं शकतें. परंतु ह्या मातीला मानवलेलें गवारीचें बीं जहाजांतून येत नाहीं. मिसरी लोकांनींही योसेफाजवळ केवळ अन्न मागितलें नाहीं. जमीन ओस पडूं नये म्हणून बीं मागितलें. आणि योसेफानें पिकाचे चार हिस्से लोकांकडे राहूं दिले, तेव्हां पेरणीचें नांव आधीं घेतलें, खाण्याचें मागून.

म्हणून परसांत वाफे आंखतांना तीन वांटे मनांत धरावे. पहिला आजच्या भाजीचा. दुसरा सांठवणाचा : गवार व वांग्याच्या फोडी उन्हांत वाळवाव्या, कोहळ्याचे सांडगे घालावे, तांबडा भोपळा देंठासकट उतरून कोरड्या जागीं ठेवावा, लसणाच्या वेण्या टांगाव्या. तिसरा वांटा बियांचा; आणि आपली परीक्षा येथेंच आहे. चांगलें वांगें बाजारांत, मध्यम भांड्यांत, आणि खुरटलेलें बियांस, अशी आपली रीत. लंगडें जनावर वेदीपाशीं आणणाऱ्यांस मलाखी भविष्यवाद्यानें दोष दिला, तो आपणांसही लागतो.

सर्वांत निरोगी झाड पाहून त्यास दोरा बांधावा. त्याचें वांगें पिवळें होईपर्यंत राखावें. दोडका वेलावरच वाळून आंतील बीं खुळखुळूं द्यावें. एकाच भोपळ्याच्या दोन जाती शेजारीं लावूं नयेत; मधमाश्या पराग मिसळतात. दुकानांतील संकरित बियाण्याचें फळ बियांस धरूं नये, कारण पुढल्या वर्षीं तेच गुण उतरत नाहींत. बीं सावलींत सुकवून, कोरड्या राखेंत घोळून, मडक्यांत भरून तोंड लिंपावें. कांद्याचें बीं मात्र वर्षाच्या आंत पेरावें.

‘आम्ही अडाणी, आम्हांस हें कसें साधेल?’ असें कोणी म्हणूं नये. अकोले तालुक्यांतील कोंभाळणे गांवच्या राहीबाई पोपेरे शाळेंत गेल्या नाहींत. त्यांनीं गांवठी बियाणें जमविलें, जतन केलें, इतरांस वांटलें. आणि २०२० सालीं त्यांस पद्मश्री जाहीर झाली.

उपदेशक बंधूंनो, येत्या कापणीच्या सणाला प्रत्येक घरानें मूठभर उत्तम बीं मंदिरांत आणावें, असें सांगा. तेथें एक मडकें ठेवा. ज्याचें बीं आजारपणांत वा दुष्काळांत संपलें, त्यानें लाज न धरतां त्यांतून न्यावें, आणि पीक आल्यावर परत घालावें. मग रडत पेरणारा एकटा रडणार नाहीं.

वाढविणारा देव आहे, हें खरें. परंतु जें आपण शिजवून खाल्लें, तें उगवावें अशी प्रार्थना त्याच्यापाशीं कोणत्या तोंडानें करावी?