अढीतला आंबा

एक नासका आंबा सारी अढी नासवितो, असे आपण म्हणतो. मग चळवळीची पारख तिच्यातल्या सर्वांत वाईट माणसावरून करावी काय? आम्हांस तसे वाटत नाही.

फेब्रुवारी 1922 मध्ये चौरीचौरा येथे जमावाने पोलीस ठाणे पेटविले. वीसहून अधिक पोलीस प्राणास मुकले. असहकारात लाखो माणसे शांतपणे उतरली होती. त्यांचा यात काय दोष? तरी ‘ते आमचे नव्हेत’ म्हणून गांधीजींनी हात झटकले नाहीत. पाच दिवस उपोषण केले, चळवळ थांबविली. दूरच्या एका गावापायी देशाचा लढा का थांबावा, हा तुरुंगातल्या जवाहरलाल नेहरूंचा प्रश्नही खोटा नव्हता. पण त्या चळवळीची ओळख आगीने ठरली नाही, आगीनंतरच्या वागण्याने ठरली.

आज मोबाईलवरच्या चळवळीला बहुधा ना पुढारी, ना सभासदांची वही. कोणीही तिचे नाव लावतो नि शिव्या घालतो. त्याला आवरणार कोण? अहो, ज्याच्या हाती ती शिवी आली तोच! देणारा एकटा असतो; पुढे धाडणारे, गालांत हसणारे आपणच ना?

नासका आंबा हा अढीचा दोष नव्हे. दिसूनही तो न काढणारा हात मात्र दोषी खरा.