देणाऱ्याला काय लिहावे?

बंगळुरूत कॉलेजे सुरू होऊन दोन-तीन महिने झाले, की वसतिगृहांतल्या आणि पीजींमधल्या अनेक मुलामुलींच्या मोबाइलवर एक ईमेल येतो. मजकूर बहुतेक एकाच साच्याचा असतो. शिष्यवृत्ती मंजूर झाली आहे, दात्यांना उद्देशून दीडशे शब्दांचे आभारपत्र लिंकवर अपलोड करावे, सोबत फोटो आणि कौटुंबिक परिस्थितीची थोडक्यात माहिती द्यावी. मुदत चार दिवसांची.

समजा, ही मुलगी खानापूर तालुक्यातली आहे. दहावीपर्यंत सरकारी मराठी शाळेत शिकली, बारावी बेळगावात केली, सीईटीच्या गुणांवर बंगळुरूच्या इंजिनिअरिंग कॉलेजात जागा मिळाली आणि राणी चन्नम्मा एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून आयुष्यात पहिल्यांदाच या शहरात उतरली. घरी मराठी, रस्त्यावर कन्नड, वर्गात इंग्रजी. पत्र लिहायला बसते तेव्हा तिच्यापुढे दोन वाटा असतात. मागच्या वर्षीच्या सीनियरचे पत्र घेऊन नाव बदलायचे, नाहीतर एआयला सांगून लिहून घ्यायचे. दोन्ही वाटांनी एकच पत्र तयार होते. आपण गरीब घरातले आहोत, वडिलांची मिळकत तुटपुंजी आहे, तुमच्या औदार्यामुळे माझी स्वप्ने साकार होत आहेत, मी जन्मभर ऋणी राहीन. त्यातले एकही वाक्य खोटे नसते आणि एकही तिचे नसते.

हे पत्र असे निर्जीव उतरते याचा दोष मुलीच्या इंग्रजीला देण्यात अर्थ नाही. पैसे मंजूर होताच आभार मागितले जातात. त्या पैशाने अजून काहीच घडलेले नसते, त्यामुळे सांगण्यासारखेही काही नसते. उरते ती गरिबी, आणि मग पत्र गरिबीचेच होते.

याच शहरात देणाऱ्याची आठवण कशी राहते याचे मोठे उदाहरण रोज लाखो लोकांच्या तोंडी आहे. जमशेटजी टाटांनी विज्ञान संशोधनाच्या संस्थेसाठी स्वतःच्या मालमत्तेचा मोठा वाटा देऊ केला, म्हैसूर संस्थानाने जमीन दिली आणि १९०९ साली भारतीय विज्ञान संस्था स्थापन झाली. जमशेटजी ते पाहायला नव्हते, १९०४ मध्येच ते गेले होते. संस्थेच्या अधिकृत नावात टाटा हा शब्द नाही. तरीही बसचा कंडक्टर आणि रिक्षावाला आजही त्या जागेला 'टाटा इन्स्टिट्यूट' म्हणतो. असे करायला कोणी कोणाला सांगितलेले नाही.

बंगळुरू आणि पुणे यांना जोडणारी एक शिष्यवृत्ती तर त्याहून जुनी आहे. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे वडील लवकर गेले. शिकवण्या करत ते बंगळुरूच्या सेंट्रल कॉलेजातून १८८१ मध्ये बी.ए. झाले आणि म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये इंजिनिअरिंग शिकायला आले. १८८३ मध्ये ते पहिले आले आणि पुढच्याच वर्षी मुंबई सरकारच्या नोकरीत रुजू झाले. नाशिक, खानदेश, पुणे असा त्यांचा प्रवास झाला. खडकवासल्याच्या धरणावरचे त्यांनी बनवलेले स्वयंचलित दरवाजे प्रसिद्धच आहेत. म्हैसूरने खर्च केला आणि पाव शतक फळ खाल्ले मुंबई इलाख्याने. १९०९ मध्ये ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले आणि १९१२ मध्ये दिवाण. १९१६ मध्ये म्हैसूर विद्यापीठ सुरू झाले, १९१७ मध्ये बंगळुरूचे इंजिनिअरिंग कॉलेज. खानापूरच्या त्या मुलीच्या गुणपत्रिकेवर ज्या तंत्रशास्त्र विद्यापीठाचा शिक्का असतो त्याला त्यांचेच नाव आहे, आणि त्याचे मुख्यालय आहे तिच्या बेळगावात.

विश्वेश्वरय्यांची शिष्यवृत्ती सरकारी खजिन्यातली होती. तो पैसा रयतेचा. आजही मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती किंवा फीमाफी घेणाऱ्या विद्यार्थ्याने कोणाचे आभार मानावेत ही अपेक्षाच चूक आहे. तो हक्क आहे. मंत्र्याच्या हस्ते धनादेश घेताना वाकायला लावलेले मूल पाहिले की कोणत्याही शहाण्या माणसाला संताप यावा. आभारपत्राचा प्रश्न येतो तो खासगी दातृत्वात, जिथे कोणीतरी आपल्या मिळकतीतून, देणे बंधनकारक नसताना दिलेले असते.

त्यातही एक पोटभेद करायला हवा. २०१३ च्या कंपनी कायद्यातल्या कलम १३५ नुसार ठरावीक आकारापेक्षा मोठ्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे असतात. शिक्षण हे त्या यादीतले एक काम. बंगळुरूसारख्या कंपन्यांच्या शहरात शिष्यवृत्त्यांचा बराच ओघ या वाटेने येतो. तो स्वागतार्हच आहे. पण कायद्याने ठरवून दिलेल्या खर्चाच्या मोबदल्यात एखाद्या मुलीचा फोटो, तिच्या घराच्या पत्र्याचे वर्णन आणि वडिलांच्या व्यसनाची कहाणी वार्षिक अहवालात छापणे हा सौदा न्याय्य नाही. संमतीच्या चौकोनावर ती खूण करते, कारण न केल्यास दुसरा हप्ता अडेल अशी तिला भीती असते. तिच्या जागी आपली मुलगी असती तर तो फोटो छापू दिला असता का, हे अहवाल तयार करणाऱ्यांनी स्वतःला विचारावे.

मराठी मुलखाला हा पेच नवा नाही. पुण्यात शिकायला आलेली कितीतरी मुले वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. माधुकरी मागणारेही होते. त्या व्यवस्थेने पिढ्या शिकवल्या हे खरे, पण तिथे आभार रोजच्या रोज, पानावर बसून, मान खाली घालून फेडावे लागत. शिवाय ती दारे सगळ्या जातींच्या मुलांना उघडी नव्हती. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहे उभी केली, कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात १९२४ मध्ये सर्व जातिधर्मांच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू केले आणि 'कमवा आणि शिका' हा मार्ग दाखवला. मुलाने शेतात राबावे, आपल्या जेवणात आपल्या घामाचाही वाटा असावा आणि कोणापुढे मान वाकवू नये, हा त्यामागचा विचार होता. वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी स्वतःचे मंगळसूत्रही मोडले. त्यांनी कोणाकडून आभारपत्र घेतले असते असे वाटत नाही.

मग आभार मानूच नयेत का? मानावेत, आणि कसे मानावेत याचा सर्वांत उंच नमुनाही आपल्याकडेच आहे.

१९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकरांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. शिक्षणानंतर दहा वर्षे बडोद्याची नोकरी करण्याचा करार होता. १९१७ मध्ये आंबेडकर करार पाळायला बडोद्यात आले. परदेशी विद्यापीठात शिकलेल्या या अधिकाऱ्याला शहरात राहायला जागा मिळेना. पारशी नाव घेऊन ते एका पारशी उतारगृहात राहिले. जात कळल्यावर काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना तिथून निघावे लागले. बडोदा सुटले.

१९२५ मध्ये त्यांचा ब्रिटिश भारतातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. तो मूळचा कोलंबियातला प्रबंध, म्हणजे बडोद्याच्या पैशावर उभे राहिलेले काम. तो त्यांनी सयाजीरावांना अर्पण केला आणि शिक्षणासाठी केलेल्या मदतीबद्दलची ही कृतज्ञता आहे, असे अर्पणपत्रिकेत नेमकेपणाने नोंदवले. बडोद्यातला अपमान त्यांनी पुढे आपल्या आठवणींत तितक्याच नेमकेपणाने लिहिला. महाराजांचे उपकार आहेत म्हणून त्यांच्या राजधानीतल्या अस्पृश्यतेवर पांघरूण घातले नाही, आणि अपमान झाला म्हणून उपकार नाकारले नाहीत. देणाऱ्याला काय मिळाले? त्याने दिलेल्या पैशातून तयार झालेली वस्तू, छापील, पुढ्यात ठेवलेली. स्वतःच्या दारिद्र्याबद्दल त्या अर्पणात एक शब्द नाही.

कॉलेजातली मुलगी ग्रंथ अर्पण करू शकत नाही, पण तिच्या पातळीवर हेच करू शकते. वर्ष संपताना तिने लिहावे. 'नमस्कार काका-काकू. तुम्ही पाठवलेल्या पैशातून मी परीक्षा फी भरली आणि सेकंडहँड लॅपटॉप घेतला. लॅपटॉपसाठी बाबा सोसायटीचे कर्ज काढणार होते, ते काढावे लागले नाही. गणितात चांगले गुण पडले. इलेक्ट्रॉनिक्सचा पेपर राहिला, कारण पहिले दोन महिने वर्गातले इंग्रजी डोक्यावरून जायचे. आता मजल्यावरच्या सीनियर ताईंबरोबर रोज रात्री अभ्यासाला बसते. तो पेपर पुढच्या परीक्षेत पुन्हा देणार आहे. ही शिष्यवृत्ती तुमच्या आईंच्या नावाने आहे असे कळले. त्या किती शिकल्या होत्या?'

या पत्रात राहिलेला पेपर आहे, म्हणून बाकीच्या मजकुरावर विश्वास बसतो. न काढलेले कर्ज आहे, त्यामुळे पैसा कुठे लागला ते दिसते. आणि शेवटी एक प्रश्न आहे. आपल्याकडच्या कितीतरी शिष्यवृत्त्या कोणाच्या तरी स्मरणार्थ असतात. सातवीत शाळा सुटलेली आई, अकाली गेलेला मुलगा, गणिताचे मास्तर. आपल्या माणसाबद्दल कोणी विचारावे एवढीच त्या देणाऱ्याची न बोललेली इच्छा असते, आणि साच्यातल्या पत्रांत नेमकी तीच राहून जाते.

अमित कुमार आणि निकोलस एप्ली या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग इथे उपयोगी पडतात. कृतज्ञतेचे पत्र लिहिणाऱ्यांना आपले शब्द बरोबर पडतील की नाही याची धास्ती होती आणि वाचणाऱ्याला अवघडल्यासारखे होईल असे वाटत होते. प्रत्यक्षात वाचणारे त्यांच्या अंदाजापेक्षा जास्त सुखावले, अवघडले मात्र कमी. त्यांचे लक्ष शब्दांच्या सफाईपेक्षा आपुलकीकडे होते. इंग्रजी कच्चे म्हणून यंत्राकडून पत्र लिहून घेणाऱ्या मुलांपर्यंत एवढे तरी पोचायला हवे. दाते मराठी किंवा कन्नड वाचणारे असतील तर त्या भाषेत लिहायलाही काही हरकत नसावी.

संस्थांना वाटते, की आभार पोचले तर देणगीदार टिकतो. अमेरिकेत सार्वजनिक दूरचित्रवाणी केंद्रांना देणगी देणाऱ्यांवर एक मोठा प्रयोग झाला. पाच लाखांहून अधिक देणगीदारांपैकी काहींना आभाराचे फोन केले, काहींना केले नाहीत. पुढच्या देणग्यांत फरक पडला नाही. ते फोन होते आणि मुलांनी लिहिलेली पत्रे नव्हती, हे मान्य. तरी ठरावीक मजकुराचे आभार तिजोरी भरत नाहीत, एवढे त्यातून नक्की दिसते. मग त्यासाठी मुलांना चार दिवसांच्या मुदतीत कशाला राबवायचे?

शिष्यवृत्त्या चालवणाऱ्या संस्थांनी चार गोष्टी सहज बदलाव्यात. पत्र वर्षअखेरीस मागावे. हप्ता पत्रावर अडवू नये. फोटो आणि घरची करुण कहाणी मागणे बंद करावे. नापास झाल्याचे लिहिले तरी चालेल, हे मुलांना स्पष्ट शब्दांत सांगावे. यासाठी पैसा लागत नाही.

आणि वाचकांपैकी जे दरवर्षी एखाद्या मुलाची फी भरतात त्यांना एक विनंती. असे पत्र आले तर ते फाइलला लावून मोकळे होऊ नका. पत्र मिळाले, राहिलेल्या पेपरचे काय झाले ते कळव, आई चौथी शिकली होती, असे दोन ओळींचे का होईना, उत्तर पाठवा.